अमेरिकी परंपरावाद : एका वारशाची जुळवणी

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत आणि वाङ्मयीन नियतकालिकांत असे जवळजवळ गृहीतच धरले जात होते की, त्या देशात परंपरावादी विचार म्हणून गांभीर्याने घ्यावे असे काही उरलेले नाही. समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत हे मत मांडले आणि हार्वर्डचे राज्यशास्त्रज्ञ लुई हार्ट्झ यांनी १९५५ साली त्याला इतिहासाचा आधार दिला. अमेरिकेत सरंजामशाही कधी नव्हतीच, त्यामुळे तिच्या बाजूने लढणारा जमीनदारांचा आणि धर्मगुरूंचा वर्गही तेथे निर्माण झाला नाही आणि युरोपात ज्याला परंपरावाद म्हणतात त्याला तेथे मूळ धरायला जागाच मिळाली नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हार्ट्झ यांचे निदान पुष्कळ अंशी बरोबर होते. पण ज्या वर्षी ते छापले गेले त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक साप्ताहिक सुरू झाले आणि पंचवीस वर्षांनी त्याचा एक नियमित वाचक राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. मधल्या काळात काही मोजक्या लेखकांनी आणि संपादकांनी ठिकठिकाणचे धागे गोळा करून एक वारसा जुळवला आणि तो आपल्याला पूर्वापार मिळालेला आहे अशा श्रद्धेने ते वागू लागले. पुढील विवेचन त्या जुळवणीचे आहे.

ज्या परिस्थितीत हे लेखक लिहू लागले ती त्यांच्या दृष्टीने सर्वस्वी प्रतिकूल होती. १९३३ पासून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘न्यू डील’ या नावाने जो कार्यक्रम राबवला, त्यात मंदीने कोलमडलेल्या अर्थव्यवस्थेला सावरण्यासाठी केंद्र सरकारने बँका, शेती, मजुरी आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन या सर्वांत हात घातला होता, आणि अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे अशा हस्तक्षेपाचा पुरस्कर्ता असा अर्थ तेव्हापासून रूढ झाला. रिपब्लिकन पक्षानेही ही व्यवस्था मनातल्या मनात मान्य केली होती. १९५२ साली त्या पक्षाने सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांना डावलून जनरल आयझेनहॉवर यांना उमेदवारी दिली, तेव्हा न्यू डील मोडून काढण्याची भाषा पक्षाच्या मुख्य प्रवाहातून हद्दपार झाली. बाहेर राहिलेले लोक एकमेकांना फारसे ओळखतही नव्हते. खुल्या बाजारपेठेचे समर्थक एकीकडे होते, औद्योगिक संस्कृतीवर रुष्ट असलेले दक्षिणेकडील साहित्यिक दुसरीकडे, आणि कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून त्याचे कडवे शत्रू झालेले लोक तिसरीकडे होते.

पहिल्या गटाला ग्रंथ मिळाला तो एका ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाकडून. फ्रीडरिख हायेक यांच्या १९४४ सालच्या ‘द रोड टू सर्फडम’ या पुस्तकाचे म्हणणे असे की, आर्थिक नियोजन करणाऱ्या सरकारला शेवटी नागरिकांच्या इतर निवडींवरही ताबा मिळवावा लागतो आणि म्हणून नियोजनाची वाट दास्याकडे जाते. ‘रीडर्स डायजेस्ट’ने १९४५ साली त्याची संक्षिप्त आवृत्ती छापल्यामुळे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या या अबोल प्राध्यापकाचे नाव अमेरिकेतील घराघरांत पोहोचले. गंमत अशी की हायेक स्वतःला परंपरावादी मानायला तयार नव्हते; १९६० साली त्यांनी आपण तसे का नाही हे सांगणारा स्वतंत्र निबंधच लिहिला. बाजारपेठ जुन्या गोष्टी टिकवत नाही, ती त्यांना सतत उखडत असते, ही अडचण त्यांना स्वच्छ दिसत होती, आणि पुढे त्यांच्या अमेरिकी चाहत्यांना ती आयुष्यभर पुरली.

वंशावळ तयार करण्याचे काम मिशिगनच्या एका तरुण प्राध्यापकाने केले. रसेल कर्क यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९५३ साली शिकागोच्या हेन्री रेग्नरी यांनी ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ या नावाने प्रसिद्ध केला आणि आजवर ज्यांना आपण एकटे आहोत असे वाटत होते त्यांना अचानक दीडशे वर्षांचे पूर्वज मिळाले. या वंशावळीचा मूळपुरुष एडमंड बर्क हा होता. फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० साली कडाडून टीका करणाऱ्या बर्कच्या मते समाज हा अमूर्त तत्त्वांवरून आखता येत नाही. तो अनेक पिढ्यांच्या अनुभवातून हळूहळू आकार घेतो, म्हणून हयात असलेल्या पिढीने त्यात फेरफार करताना गेलेल्यांचे आणि पुढे येणाऱ्यांचे भान ठेवले पाहिजे. हाच बर्क त्याआधी अमेरिकी वसाहतींच्या गाऱ्हाण्यांच्या बाजूने ब्रिटिश संसदेत उभा राहिला होता, ही गोष्ट कर्क यांच्या फार उपयोगी पडली. वसाहतवाद्यांनी नवे हक्क मागितले नव्हते, इंग्रज प्रजाजन म्हणून मिळालेले जुने हक्क राखण्यासाठी ते लढले, आणि म्हणून अमेरिकी क्रांती ही खरे पाहता क्रांतीच नव्हती, असा अर्थ त्यांना लावता आला.

मराठी वाचकाला बर्क आठवतो तो वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगामुळे. हिंदुस्थानातील प्राचीन घराणी आणि संस्था कंपनीच्या लुटारू कारभाराने उद्ध्वस्त केल्या, हा त्या खटल्यातील त्याचा संताप फ्रान्सविषयीच्या संतापाशी सुसंगतच होता. परंतु महाराष्ट्रात अधिक खोल रुजला तो बर्कचा प्रतिस्पर्धी. टॉमस पेन यांनी बर्कला उत्तर म्हणून लिहिलेल्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाने जोतीराव फुले यांच्या विचाराला दिशा दिली, आणि १८७३ सालचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक फुले यांनी अर्पण केले ते अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. फुले यांनी पाहिलेली अमेरिका आणि कर्क यांनी रेखाटलेली अमेरिका यांत किती अंतर आहे, हे कर्क यांच्या पूर्वजांची यादी वाचताना कळते. तीत जॉन अ‍ॅडम्स आहेत, कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न आहेत, आणि त्यांच्या पंगतीला जॉन कॅल्हून हे दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर आहेत, ज्यांनी १८३७ साली गुलामगिरी ही नाइलाजाने सोसण्याची आपत्ती नसून हितकारक संस्था आहे, असे सिनेटच्या सभागृहात प्रतिपादन केले होते. प्रथेचा आदर हे ज्याचे पहिले तत्त्व, त्याने प्रथाच अन्यायाची असेल तेव्हा काय करावे, या प्रश्नाला कर्क यांनी ग्रंथात बगल दिली. परंतु पुढे इतिहासाने तो प्रश्न त्यांच्या सर्व सहकाऱ्यांपुढे फार लवकर आणून ठेवला.

कर्क स्वतः चळवळ चालवण्याच्या वृत्तीचे नव्हते. मोटारीसारख्या यंत्रांनी जुनी गावे मोडली अशी त्यांची खात्री होती आणि प्राध्यापकी सोडून ते मिशिगनमधील मिकॉस्टा या लहान गावी पूर्वजांच्या घरात लिहीत राहिले. संघटकाची भूमिका विल्यम बकली यांच्याकडे आली. तेलाच्या व्यवसायात संपन्न झालेल्या कॅथलिक कुटुंबातला हा मुलगा १९५१ साली आपल्याच येल विद्यापीठावर, ते धर्म आणि मुक्त उद्योग या दोहोंचाही पाया विद्यार्थ्यांच्या मनातून खणून काढते, असा आरोप करणारे पुस्तक लिहून गाजला होता. १९ नोव्हेंबर १९५५ या तारखेचा ‘नॅशनल रिव्ह्यू’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्याला तिशी पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. संपादकमंडळात त्याने जी माणसे गोळा केली ती एका खोलीत बसवणे हेच मोठे कर्तृत्व होते. जेम्स बर्नम हे एके काळी ट्रॉट्स्कीचे अनुयायी होते आणि आता परराष्ट्रनीतीचे थंड डोक्याचे विश्लेषक झाले होते. विल्मूर केंडल हे बहुमताच्या शहाणपणावर विश्वास असणारे भांडखोर राज्यशास्त्रज्ञ होते. फ्रँक मायर यांनी तारुण्याची चौदा वर्षे कम्युनिस्ट पक्षाला दिली होती. मायर यांच्यासारख्यांच्या शेजारी आपले नाव संपादकमंडळात नको म्हणून कर्क यांनी केवळ सदरलेखन पत्करले. नियतकालिक कायम तोट्यात चाले आणि वाचकांकडे देणग्यांची याचना करीत राही. तरीही कोणता लेखक ‘आपला’ आणि कोणता नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे हळूहळू चालत आला.

या मंडळींतील तात्त्विक भांडण मिटवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न मायर यांनी केला. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे राहणारे, दिवसा झोपून रात्रभर दूरध्वनीवर देशभरच्या लेखकांशी वाद घालणारे हे गृहस्थ नियतकालिकाचा पुस्तक विभाग सांभाळीत. त्यांचे म्हणणे असे की, सद्गुण हे मानवी जीवनाचे ध्येय आहे हे परंपरावाद्यांचे मत खरे आणि राज्यसंस्थेला ते लादण्याचा अधिकार नाही हे व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचे मतही खरे, कारण सक्तीने करवून घेतलेले सत्कर्म हे सत्कर्मच नव्हे. सरकारने पोलीस, न्यायालये आणि संरक्षण एवढेच पाहावे. चारित्र्य घडवण्याचे काम कुटुंबाचे, चर्चचे आणि शाळेचे. १९६२ साली त्यांनी हे ‘इन डिफेन्स ऑफ फ्रीडम’ या पुस्तकात मांडले आणि त्याच वर्षी बकली यांचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांनी त्यावर टीका करताना या भूमिकेला ‘फ्यूजनिझम’ म्हणजे संमीलनवाद हे नाव दिले, जे मायर यांना स्वतःला कधी आवडले नाही. तर्काच्या कसोटीवर ही भूमिका दिसते तेवढी भक्कम नाही, कारण बाजारपेठेने कुटुंब आणि गाव यांनाच पोखरले तर चारित्र्य घडवणार कोण, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. परंतु सोव्हिएत संघ समोर उभा असेपर्यंत उत्तराची निकड कोणाला भासली नाही. देवावर श्रद्धा असणारा आणि नफ्यावर श्रद्धा असणारा, दोघांनाही कम्युनिझम सारखाच परका होता, आणि सांधा धरला तो मुख्यतः या सामायिक शत्रूमुळे.

कोणाला घ्यायचे याइतकेच कोणाला वगळायचे हेही ठरवावे लागले. १९५७ साली आयन रँड यांची ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ ही भांडवलदाराला नायक आणि परोपकाराला दुर्गुण ठरवणारी कादंबरी आली, तेव्हा तिच्यावर व्हिटेकर चेंबर्स यांच्याकडून इतके जहाल परीक्षण लिहवून घेण्यात आले की रँड यांचा आणि या वर्तुळाचा संबंध कायमचा तुटला. चेंबर्स हे सोव्हिएत हेरगिरीतून बाहेर पडून परराष्ट्रखात्यातील माजी अधिकारी अ‍ॅल्जर हिस यांच्याविरुद्ध साक्ष देणारे गृहस्थ, आणि देव नाकारणारी प्रत्येक विचारसरणी शेवटी हुकूमशाहीला जाऊन मिळते हे त्यांच्या आयुष्याचे सार होते. दुसरे प्रकरण अधिक अवघड होते. मिठाईचे कारखानदार रॉबर्ट वेल्च यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या जॉन बर्च सोसायटीचे हजारो सभासद हेच नियतकालिकाचे वर्गणीदार होते, आणि वेल्च यांच्या मते खुद्द आयझेनहॉवर कम्युनिस्ट कटाचे हस्तक होते. बकली यांनी १९६२ साली प्रथम वेल्च यांना आणि १९६५ साली संपूर्ण संघटनेला दूर सारले. वर्गणीदार गमावण्याची तयारी दाखवणारा हा निर्णय चळवळीच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान अनाठायी नाही.

मात्र ज्या बाबतीत वगळण्याची खरी गरज होती तेथे हेच संपादक चुकले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवल्यानंतर दक्षिणेत मतदानाच्या हक्काचा प्रश्न पेटला, तेव्हा ऑगस्ट १९५७ मधील एका अग्रलेखात ‘नॅशनल रिव्ह्यू’ने गोऱ्या समाजाचा कैवार घेतला. जेथे गोरे संख्येने कमी आहेत तेथेही राजकीय वर्चस्व त्यांच्याकडेच राहण्याचा त्यांना हक्क आहे, कारण तूर्त तो समाज अधिक प्रगत आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. लगेच पुढच्या महिन्यात त्याच पानांवर विरोध नोंदवला तो बोझेल यांनी. राज्यघटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली आहे, आणि घटनेचे रक्षक म्हणवणाऱ्यांना ती दुरुस्ती विसरता येणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. परंपरावादी भूमिकेवरूनच इतके साधे आणि बिनतोड उत्तर उपलब्ध असताना मंडळाने ते मानले नाही, म्हणून काळाची मर्यादा हे त्यांचे समर्थन लंगडे ठरते. फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वादसभेत लेखक जेम्स बाल्डविन यांच्यासमोर बकली उभे राहिले आणि ५४४ विरुद्ध १६४ मतांनी हरले. दक्षिणेतील वर्णभेद मोडायला केंद्राचा हस्तक्षेप आवश्यक होता, ही कबुली त्यांनी दिली ती २००४ साली.

या चुकीचे राजकीय रूप १९६४ च्या निवडणुकीत दिसले. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या नावावर १९६० साली निघालेले ‘द कॉन्शन्स ऑफ अ कन्झर्व्हेटिव्ह’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले होते बोझेल यांनीच. गोल्डवॉटर यांनी १९५७ आणि १९६० या वर्षांच्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता, परंतु खासगी व्यवसायांवर बंधने घालणाऱ्या १९६४ च्या कायद्याविरुद्ध त्यांनी घटनेचा आधार घेऊन मत दिले. हेतू काहीही असो, परिणाम उघड होता. नोव्हेंबरमध्ये ते देशभर दणक्यात हरले आणि स्वतःच्या राज्याखेरीज जी पाच राज्ये त्यांना मिळाली ती सर्व दक्षिणेतील होती. जेथे बहुसंख्य काळ्या नागरिकांना मतदान करूच दिले जात नव्हते त्या मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. लिंकन यांच्या पक्षाचा नकाशा त्या दिवशी उलटा होऊ लागला.

लिंकन यांचे नाव येथे सहज आलेले नाही, कारण चळवळीतील सर्वांत खोल वाद त्यांच्यावरूनच झाला. जर्मनीतून आलेले तत्त्वचिंतक लिओ स्ट्राउस यांचे शिष्य हॅरी जाफा यांनी १९५९ साली लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यातील गुलामगिरीविषयीच्या १८५८ च्या जाहीर वादांवर ग्रंथ लिहून असा सिद्धान्त मांडला की, सर्व माणसे समान आहेत हे १७७६ च्या जाहीरनाम्यातील तत्त्व हाच अमेरिकेचा पाया असून परंपरावाद्याने जपायचे ते हेच तत्त्व आहे. मायर, केंडल आणि पुढे टेक्सासचे प्राध्यापक मेल ब्रॅडफर्ड यांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या दृष्टीने देश घडला तो १७८७ च्या घटनेने आणि राज्याराज्यांतील स्थानिक रीतिरिवाजांनी, आणि लिंकन यांनी समतेच्या एका अमूर्त तत्त्वासाठी केंद्राची सत्ता बेसुमार वाढवली. वास्तविक हा बर्क आणि पेन यांच्यातलाच झगडा होता, फक्त आता तो एकाच छावणीत चालू होता. तो निव्वळ ग्रंथांतही राहिला नाही. १९८१ साली राष्ट्रीय मानव्यविद्या निधीच्या अध्यक्षपदासाठी ब्रॅडफर्ड यांचे नाव पुढे आले, तेव्हा लिंकन यांच्यावरील त्यांची टीका बाहेर काढण्यात आली आणि ते पद विल्यम बेनेट यांना मिळाले. जाफा यांची बाजू नैतिक दृष्ट्या निःसंशय वरचढ होती; तथापि एखाद्या सार्वत्रिक तत्त्वावर उभ्या असलेल्या देशात परंपरावाद हा नेमका कशाचा परंपरावाद, हे सांगणे तिच्यामुळे अधिकच कठीण झाले.

ब्रॅडफर्ड यांच्याविरुद्ध मोहीम उघडणारे आर्व्हिंग क्रिस्टल हे नव्याने दाखल झालेल्या गटाचे अग्रणी होते. तरुणपणी समाजवादी असलेल्या न्यूयॉर्कमधील या विचारवंतांना गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनांचे अपेक्षेविरुद्ध होणारे परिणाम खटकू लागले, १९६५ साली त्यांनी ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे त्रैमासिक काढले, आणि त्यांना निओकॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे नवपरंपरावादी हे नाव विरोधकांनी चिकटवले. गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालानंतर इव्हँजेलिकल चर्चेही राजकारणात उतरली, आणि महागाईने गांजलेल्या देशात १९८० साली रोनाल्ड रेगन ४४ राज्ये जिंकून निवडून आले. मार्च १९८१ मध्ये परंपरावाद्यांच्या वार्षिक संमेलनात बोलताना नव्या राष्ट्राध्यक्षांनी कर्क, हायेक आणि बर्नम यांचे ऋण मानले आणि विशेष गौरवाने उल्लेख केला तो नऊ वर्षांपूर्वी निधन पावलेल्या फ्रँक मायर यांचा. एखाद्या पुस्तक-परीक्षण विभागाच्या संपादकाला इतका मोठा राजकीय सन्मान क्वचितच मिळाला असेल. प्रत्यक्ष कारभारात मात्र उच्च उत्पन्नावरील कराचा दर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला तरी सरकारचा आकार घटला नाही, आणि आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज सुमारे तिप्पट झाले. टिकाऊ यश लाभले ते न्यायव्यवस्थेत. १९८२ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या फेडरलिस्ट सोसायटीने घटनेचा अर्थ ती लिहिली गेली त्या काळच्या अर्थाने लावावा हे मत मानणाऱ्या वकिलांची आणि न्यायाधीशांची पिढी घडवली, आणि १९७३ चा निकाल २०२२ साली रद्द झाला तो तिच्याच बळावर.

सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि मायर यांनी साधलेला सांधा निखळू लागला. दुसऱ्याच वर्षी पॅट ब्युकॅनन यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभे राहून आयातीवर निर्बंध, परदेशांतून येणाऱ्यांवर मर्यादा आणि परकीय युद्धांना विरोध या मागण्या पुढे केल्या. त्यांना उमेदवारी मिळाली नाही, पण कारखाने बंद पडलेल्या गावांतील श्रोत्यांना मुक्त बाजारपेठेचे गोडवे आता नको झाले आहेत, हे त्यांनी ओळखले होते. २००३ साली इराकवरील युद्धाला विरोध करणाऱ्या परंपरावाद्यांना ‘नॅशनल रिव्ह्यू’ने देशाभिमानशून्य ठरवून पुन्हा एकदा वगळण्याचे शस्त्र उपसले. परंतु या वेळी वगळलेले लोक युद्धाच्या बाबतीत बरोबर निघाले, आणि संपादकांचा तो जुना अधिकार त्या प्रकरणात जितका झिजला तितका इतर कशानेही झिजला नाही. बकली २००८ साली वारले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्या वारसदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध संपूर्ण अंक काढून ते परंपरावादी नाहीत असा निवाडा दिला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने उमेदवारांच्या एका जाहीर वादसभेचे सहयजमानपद त्या नियतकालिकाकडून काढून घेतले, आणि जुलैत क्लीव्हलँड येथील अधिवेशनात पक्षाने ट्रम्प यांनाच उमेदवारी दिली.